गुंतागुंतीचा भगंदर: सात महिने सेटन आहे, पुढची शस्त्रक्रिया कशी ठरवावी?

दूरची_वाट

मंडळी, हे लिहू की नको यात बरेच महिने गेले. मूळव्याधीबद्दल लोक निदान आवाज खाली आणून तरी बोलतात, भगंदराचं, म्हणजे गुदमार्गातून बाहेर त्वचेपर्यंत पडलेल्या नळीचं, नाव घरातही कुणी काढत नाही. त्यामुळे माझ्यासारखे किती जण आहेत हेच कळत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय ४३. दोन वर्षांपूर्वी गुदद्वाराच्या डाव्या बाजूला गाठ आली. तीन दिवसांत बसणं अशक्य झालं, थंडी वाजून ताप आला. त्याच रात्री भूल देऊन गळू फोडलं. दुसऱ्या दिवशी इतकं हलकं वाटलं की मी आजार संपला असंच धरून चाललो. दोन महिन्यांनी त्याच जागी पुटकुळी आली. ती फुटायची, कपड्याला डाग पडायचा, चार दिवसांनी सुकायची आणि तीन आठवड्यांनी पुन्हा फुगायची. प्रत्येक वेळी अँटिबायोटिकचा कोर्स केला. थोडा आराम पडायचा, की परत तेच.

मग पहिली शस्त्रक्रिया झाली. एमआरआय केला नव्हता. 'साधाच आहे, नळी उघडून टाकू' असं सांगितलं होतं. डिस्चार्जच्या कागदावर 'आतलं तोंड सापडलं नाही' असं लिहिलेलं होतं, पण ते मी फार उशिरा, दुसरं मत घ्यायला गेलो तेव्हा नीट वाचलं. चार महिन्यांत उजव्या बाजूला नवं तोंड फुटलं.

दुसऱ्या सर्जननी आधी एमआरआय करायला लावला. आतलं तोंड मागच्या बाजूला बरोबर मधल्या रेषेवर, सहाच्या काट्यावर. शौच रोखून धरणाऱ्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन स्नायूंपैकी बाहेरच्यातून नळी आरपार गेलेली, मागच्या खोल पोकळीत पस, आणि तिथून दोन्ही बाजूंना घोड्याच्या नालासारख्या दोन फांद्या. त्यांनी पस काढून दोन्हीकडे सैल सेटन घातले, म्हणजे निचरा होत राहावा म्हणून नळीत ओवून ठेवलेले दोरे. सात महिने झाले. ताप नाही, ठणका नाही, रोज थोडा स्राव येतो.

आता 'पुढचं ठरवू' म्हणतात. लिफ्ट आणि फ्लॅप हे दोन पर्याय दिलेत. घरचे क्षारसूत्र म्हणतात, ऑफिसमधला एक जण लेझर म्हणतो. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती शौचावरचा ताबा जाण्याची. दोरा आयुष्यभर राहिला तरी चालेल, पण ते नको, असं कित्येक रात्री वाटलंय. ज्यांनी हे भोगलंय किंवा जे यात काम करतात त्यांनी कृपया लिहा.

ओंजळ

दूरची_वाट, बरं केलंत लिहिलंत. मीही यातून गेले आहे, सवडीनं लिहिते. तूर्त एवढंच सांगते की लाज वाटण्यासारखं यात काहीही नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईलाही भगंदर होता. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी फेलिक्स नावाच्या सर्जननं त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, तीही भुलीशिवाय, खास बनवून घेतलेल्या वाकड्या सुरीनं. आधी त्यानं ती इतर रुग्णांवर करून हात बसवला होता. राजा बरा झाला. अनेक शतकं माणसं हे सोसत आलीत आणि बरीही होत आलीत.

शल्यक

मी गुदमार्ग आणि मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया करतो. तपासल्याशिवाय तुम्हाला अमुकच करा असं सांगणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगू शकतो.

भगंदर बाहेर त्वचेवर दिसतो, पण बहुतेक वेळा त्याची सुरुवात आत होते. गुदमार्गात थोडं आत एक दातेरी रेषा असते. तिच्यालगत बारीक ग्रंथी उघडतात. त्यांचं तोंड बुजलं की आत पस धरतो. यातल्या बऱ्याच ग्रंथी आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंच्या मधल्या फटीपर्यंत पोहोचलेल्या असतात, म्हणून पस आधी त्या फटीत उतरतो आणि मग जिकडे वाट मिळेल तिकडे जातो. दहापैकी नऊ भगंदर असेच होतात. अँटिबायोटिकनं तुमचा आजार का गेला नाही ते यावरून कळेल. औषधानं सूज उतरते, पण आतलं तोंड उघडं राहतं आणि शौचाच्या मार्गातून रोज नवे जंतू आत जात राहतात.

१९७६ साली ॲलन पार्क्स आणि सहकाऱ्यांनी ४०० रुग्णांच्या अनुभवावरून भगंदराचे चार प्रकार मांडले. नळी स्नायूंच्या फक्त मधून जाते, बाहेरच्या स्नायूला छेदून जाते, स्नायूंवरून वळसा घेते की पूर्णपणे बाहेरून जाते, यावर ती वर्गवारी आहे. आजही आम्ही तीच भाषा बोलतो, कारण ताबा टिकणार की नाही हा प्रश्न शेवटी नळीच्या पोटात किती स्नायू आहे, म्हणजे ती उघडताना किती कापावा लागेल, यावर येऊन ठरतो. थोडासाच स्नायू असेल तर नळी सरळ उघडणं हा उत्तम उपाय आहे, नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण त्यानं बरे होतात. बाहेरच्या स्नायूचा साधारण एक तृतीयांशाहून जास्त भाग नळीत येत असेल, फाटे असतील, आधी शस्त्रक्रिया फसली असेल, क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) असेल, किंवा बाईमध्ये नळी पुढच्या बाजूला असेल, तर तो गुंतागुंतीचा. तिथं सरळ उघडायचं नाही.

तुमच्या बाबतीत 'आतलं तोंड सापडलं नाही' हीच कळीची ओळ आहे. आतलं तोंड आणि मागच्या पोकळीतला पस जागेवर ठेवून बाहेरच्या फांद्या कितीही उघडल्या, तरी आजार दुसरी वाट काढतो. तुमच्यात त्यानं उजवी बाजू धरली.

एमआरआयचं महत्त्व सांगणारा एक अभ्यास २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो पुन्हा उद्भवलेल्या भगंदराच्या ७१ रुग्णांवर होता. एमआरआयनं दाखवलेल्या गोष्टींवर नेहमी कृती करणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत आजार परत येण्याचं प्रमाण १६ टक्के होतं, दुर्लक्ष करणाऱ्यांच्यात ५७ टक्के. परत आलेल्या भगंदरात एमआरआयशिवाय सुरी उचलू नये असं मला त्यामुळे ठामपणे वाटतं.

आता लिफ्ट. ही २००७ साली बँकॉकच्या डॉक्टरांनी मांडली. दोन स्नायूंच्या मधल्या फटीत शिरायचं, नळी शोधायची, आतल्या तोंडाजवळ बांधायची आणि तोडायची. स्नायू कापायचा नाही. फ्लॅपमध्ये आतलं तोंड काढून टाकतात आणि वरून गुदाशयाच्या अस्तराची झडप खाली ओढून त्यावर शिवतात. दोन्हींचं यश निरनिराळ्या अभ्यासांत ढोबळमानानं ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान येतं, पण नालाच्या आकाराच्या भगंदरात त्याहून कमी धरून चाला.

तुमच्या सर्जनना दोन गोष्टी नक्की विचारा. मागची पोकळी पूर्ण रिकामी झाली का? आणि दोन स्नायूंमधली फट मोकळी आहे की व्रणानं कडक झाली आहे? कडक असेल तर लिफ्टमध्ये नळी हाताला लागणं अवघड जातं.

रानपाखरू

माझा अनुभव. ट्रान्सस्फिंक्टेरिक, म्हणजे बाहेरच्या स्नायूला छेदून जाणारी, एकच नळी. पाच महिने सेटन आणि मग लिफ्ट. दहाव्या आठवड्यात टाक्यांच्या जागी पुन्हा ओल दिसली आणि मी पार खचलो. दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

पण नव्या एमआरआयमध्ये दिसलं की नळीचा बाहेरच्या स्नायूतला भाग भरून आला होता. उरला होता तो फक्त दोन स्नायूंच्या मधला छोटा तुकडा. म्हणजे अवघड भगंदराचा साधा भगंदर झाला होता. तो सरळ उघडला, सहा आठवड्यांत जखम भरली. त्याला आता तीन वर्षं झाली. वाऱ्यावर, शौचावर पूर्ण ताबा आहे.

हे मुद्दाम लिहितोय, कारण 'लिफ्ट फसली' एवढंच वाचून लोक घाबरतात. फसलेल्या लिफ्टनंतरही पुढचं काम सोपं झालेलं असू शकतं. प्रत्येकाचं तसं होतंच असं नाही, माझं झालं.

वैद्यमित्र

क्षारसूत्राचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. सुश्रुतानं भगंदराला आठ महागदांत, म्हणजे बरं करायला अवघड अशा रोगांत, धरलं आहे आणि पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला शंबूकावर्त म्हणजे शंखाच्या वळणासारखा फिरलेला, आणि शतपोनक म्हणजे चाळणीसारखी अनेक तोंडं असलेला. ज्यानं ही नावं दिली त्यानं नळ्यांच्या वाटा बारकाईनं पाहिल्या होत्या.

क्षारसूत्र हा नुसता दोरा नसतो. त्यावर स्नुहीचा (एका निवडुंगाचा) चीक, अपामार्गाचा (आघाड्याचा) क्षार आणि हळद यांचे मिळून २१ लेप ठरावीक क्रमानं देतात. तो साधारण दर आठवड्याला बदलतात. नळी हळूहळू कापली जाते आणि मागून भरत येते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं केलेली अनेक केंद्रांतली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्यात क्षारसूत्रानं बरं व्हायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आठवडे लागले, पण वर्षभरात आजार परत येण्याचं प्रमाण ४ टक्के होतं, शस्त्रक्रियेच्या गटात ११ टक्के. त्यामुळे कुणी याला जुनाट म्हणून झटकून टाकलं की वाईट वाटतं.

शल्यक

वैद्यमित्र, झटकून टाकत नाही. तुम्ही म्हणता ती चाचणी खरी आहे आणि आकडेही तेच आहेत. दोरा ओवण्याची कल्पना आमच्याकडेही फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत घोड्याच्या केसाभोवती सूत गुंडाळून नळीत ओवायला सांगितलं आहे.

माझा आक्षेप एकाच मुद्द्यावर आहे. क्षारसूत्र नळीतला स्नायू कापतं, भले हळूहळू कापत असेल. मागून व्रण धरत जातो म्हणून स्नायूची टोकं फार लांब जात नाहीत, हे मान्य. पण आधुनिक शस्त्रक्रियेतला घट्ट, कापणारा सेटनसुद्धा याच तर्कावर उभा होता. नंतर मोजमाप झालं तेव्हा बऱ्यापैकी रुग्णांचा ताबा ढिला पडलेला दिसला, म्हणून आज बरेच जण तो टाळतात. खालच्या, एकेरी नळीला क्षारसूत्र चांगलं असेल. धागाकर्त्यांची नळी वर आहे, दोन फांद्यांची आहे आणि मागे पोकळी आहे. तिथं कापणारा कोणताही दोरा घालताना मी थबकेन.

वैद्यमित्र

पोकळी असताना आधी निचरा करावा लागतो, यावर आपलं एकमत आहे. फांद्यांना क्षारसूत्र आणि मुख्य नळीचा स्वतंत्र विचार, असंही करणारे आहेत. पण एमआरआय न पाहता थेट सूत्र ओवणाऱ्याकडे जाऊ नका, हे मीही सांगेन.

कातरवेळ

माझ्याकडे वेगळीच गोष्ट होती आणि ती कळायला चार वर्षं गेली. दोनदा भगंदराची शस्त्रक्रिया, दोन्ही वेळा जखम भरेना. वजन उतरत होतं, अधूनमधून पोटात कळा आणि पातळ शौच. मी त्याचा संबंध याच्याशी कधी जोडलाच नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पोटाचं काय?" कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली, निदान क्रोन्सचं निघालं.

क्रोन्सच्या भगंदरात आधी औषध बसवावं लागतं, सुरी नंतर. मला सेटन घालून इन्फ्लिक्सिमॅब हे सूज आवरणारं औषध सुरू केलं. १९९९ च्या ज्या चाचणीमुळे हे औषध पुढे आलं, तिच्यात नेहमीचा डोस घेणाऱ्या ५५ टक्के रुग्णांची सगळी तोंडं बंद झाली होती, नुसतं सलाईन मिळालेल्यांत १३ टक्के. माझं एक तोंड बंद झालं, दुसरं राहिलं. मग औषध चालू असतानाच फ्लॅप केला.

मूलपेशींच्या इंजेक्शनबद्दलही खूप आशा लावून बसले होते. युरोपात त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली होती. पुढच्या मोठ्या चाचणीत ते सरस ठरलं नाही आणि २०२४ च्या अखेरीस ते तिथल्या बाजारातून काढून घेतलं. त्या बातमीनं मन खट्टू झालं, पण निर्णय प्रामाणिक वाटला.

दूरची_वाट, तुमचा काढलेला तुकडा तपासणीला पाठवला होता का?

दूरची_वाट

कातरवेळ, हो. दुसऱ्या वेळी बायोप्सी आणि क्षयाची तपासणीही झाली. दोन्हींत काही निघालं नाही. कोलोनोस्कोपीही स्वच्छ आहे. पहिल्या वेळी मात्र काहीच पाठवलं नव्हतं.

शल्यक, लेझरबद्दल सांगाल का? 'कापाकापी नाही, दुसऱ्या दिवशी कामावर' हे ऐकलं की मन लगेच तिकडे धावतं.

शल्यक

क्षयाची तपासणी झाली हे फार बरं झालं. ती बरेचदा राहून जाते आणि क्षय असेल तर औषधांशिवाय कोणतीच शस्त्रक्रिया टिकत नाही.

लेझरमध्ये नळीत बारीक तंतू घालून आतून भिंती जाळत बाहेर येतात. स्नायू सुरक्षित राहतो, दुखतं कमी, हे खरं. पण सरळ, एकेरी, बारीक नळीसाठी ते ठीक. फाटे आणि पोकळी असेल तिथं तो तंतू सगळीकडे पोहोचत नाही. कॅमेरा घालून नळी आतून पाहायची पद्धत इटलीतल्या मैनेरो यांनी आणली. तिच्यात फाटे निदान डोळ्यांना दिसतात, पण तिथंही आतलं तोंड नीट बंद होणं हाच निकालाचा मुद्दा.

भगंदरात दर काही वर्षांनी नवं काहीतरी येतं आणि सुरुवातीचे आकडे डोळे दिपवतात. नळीत भरायच्या गोंदाचं तसंच झालं, नळी बुजवायच्या प्लगचंही. मग ब्रिटनमध्ये ३०४ रुग्णांवर प्लगची नीट तुलना झाली. एका गटाला प्लग, दुसऱ्याला सर्जनच्या पसंतीची शस्त्रक्रिया. वर्षानंतर बरे झालेले ५४ टक्के आणि ५५ टक्के. या आकड्यात दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखं आहे. प्लग सरस ठरला नाही, आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीही निम्म्याच लोकांना बरं करत होत्या. म्हणून कुणी शंभर टक्के खात्री देत असेल तर मला त्या रुग्णाची काळजी वाटते.

ओंजळ

आता माझं. बाळंतपणात टाके पडले होते. तीन वर्षांनी पुढच्या बाजूला भगंदर. बायकांमध्ये पुढे स्नायू मुळातच आखूड असतो, त्यात माझा आधीच दुखावलेला. पहिल्या डॉक्टरांनी उघडू म्हटलं, तेव्हा मीच घाबरून दुसरीकडे गेले आणि आजही त्या भीतीचे आभार मानते.

तिथं शस्त्रक्रियेआधीच ताब्याची मोजणी केली. वेक्सनर स्कोअर म्हणतात. घट्ट शौच, पातळ शौच, वारा, पॅड वापरावं लागणं आणि दैनंदिन जगण्यावर परिणाम, या प्रत्येकाला ० ते ४ गुण. शून्य म्हणजे पूर्ण ताबा, २० म्हणजे काहीच नाही. माझे आधीच ३ निघाले, वारा कधी कधी आवरत नव्हता. मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. सोनोग्राफीत स्नायूतली फटही दिसली. त्यावरून फ्लॅप ठरला. आज स्कोअर ३ च आहे, भगंदर नाही.

दूरची_वाट, तुमच्या भीतीवर उपाय हाच. आधी मोजून घ्या, कागदावर लिहून घ्या. म्हणजे नंतर काय बदललं ते अंदाजावर राहणार नाही.

सावली_घरची

मी रुग्ण नाही, नवऱ्याचं ड्रेसिंग चौदा आठवडे मी केलं. डॉक्टर लोक सांगत नाहीत अशा दोन-तीन गोष्टी लिहिते.

जखम तळापासून भरली पाहिजे. वरची त्वचा आधी मिटली तर आत पोकळी राहते. म्हणून आठवड्याला सर्जनना दाखवणं चुकवू नका, बाहेरून छान दिसत असलं तरी. गॉज आत ठासून भरायचा नाही, हलकेच ठेवायचा. शौचानंतर कागदानं पुसण्यापेक्षा पाण्याचा फवारा बरा, आणि मग कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं. त्यात काही घालायची गरज नाही. शौच घट्ट होऊ द्यायचं नाही, पण जुलाबाचं औषधही नको. इसबगोल आणि भरपूर पाणी यावर आमचं भागलं. सेटन असताना त्याची गाठ आत सरकते आणि टोचते, अंघोळीच्या वेळी दोरा हलकेच फिरवला की ती बाहेर येते. हे आधी सर्जनना विचारून घ्या.

आणि ज्याचं दुखतंय त्याला रोज 'आज किती भरलं?' असं विचारू नका. मी विचारायचे. तो उत्तर द्यायचं टाळायला लागला तेव्हा लक्षात आलं.

दूरची_वाट

साडेचार महिन्यांनी परत येतोय. कुणी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, त्यांचे मनापासून आभार.

तुम्ही सुचवलेले दोन्ही प्रश्न सर्जनना विचारले. नवा एमआरआय झाला. मागची पोकळी आकसून अगदी लहान झाली होती. त्यांनी आधी उजवा सेटन काढला. सहा आठवड्यांत ती फांदी सुकली, मग एकच मुख्य नळी उरली. सात महिने दोरा घेऊन फुकट घालवले असं मला वाटत होतं. खरं तर त्या महिन्यांतच बरंच काम झालं होतं. शस्त्रक्रियेआधी ताब्याची मोजणीही करून घेतली, स्कोअर शून्य.

टेबलावर लिफ्टचा प्रयत्न केला. फट व्रणानं कडक होती आणि नळी सुटी करता आली नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे फ्लॅप केला. ही शक्यता आणि तिची संमती आधीच बोलून ठेवली होती, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर धक्का बसला नाही. पहिले पाच दिवस शौचाला जायची धास्ती होती, दुखणं त्यामानानं कमी.

आज बारावा आठवडा. आतला फ्लॅप धरलाय असं तपासणीत दिसतं. उजवी बाजू कोरडी आहे. डावीकडे नवव्या आठवड्यापर्यंत थोडी ओल होती, गेले वीस दिवस नाही. स्कोअर एक आहे, दोनदा वारा आवरला नाही, तोही पहिल्या महिन्यात. सहाव्या महिन्यात एमआरआय करायचाय, तोपर्यंत 'बरा झालो' हा शब्द मी वापरत नाही.

नवा_प्रतिसाद

मी कालच हा धागा सापडून वाचला. माझं गळू गेल्या आठवड्यात फोडलंय. मलाही भगंदर होणार का?

दूरची_वाट

होईलच असं नाही. गळू फोडलेल्या बऱ्याच जणांना पुढे काहीच होत नाही. पण त्याच जागी पुन्हा फुगलं, किंवा दीड-दोन महिन्यांनंतरही ओल येत राहिली, तर अँटिबायोटिक घेत बसू नका. एमआरआय आधी करा. आणि डिस्चार्जचा कागद आजच काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काही कळलं नाही तर ती ओळ इथं लिहा, शल्यक आणि आम्ही आहोत.